कमानीवर काय लिहायचं, ते शेडवर येऊन ठरवा

मा. पदाधिकारी, तासगाव नगरपरिषद
आणि मा. संचालक मंडळ, कृषी उत्पन्न बाजार समिती, तासगाव
यांस स. न. वि. वि.

गावात शिरताना बेदाण्याची ओळख सांगणारं काहीतरी दिसावं, वेशीवर कमान असावी, चौकात द्राक्षाच्या घडाचं शिल्प असावं, असं तासगावात वरचेवर बोललं जातं. ते व्हायलाच पाहिजे. शिऱ्यात, पुलावात, सत्यनारायणाच्या प्रसादात, बाळंतिणीच्या लाडवात जो दाणा पडतो, तो देशभर कुठल्या गावच्या नावानं ओळखला जातो हे इथल्या पोराबाळांना कळलं पाहिजे. त्या कमानीवरच्या मजकुराबद्दल आणि कमानीच्याही आधी व्हायला हव्यात अशा दोन-तीन कामांबद्दल हे पत्र आहे. आम्ही द्राक्षाच्या बागेत आणि बेदाणा वाळवायच्या शेडवर काम करणारी माणसं आहोत. जे लिहितो आहोत ते रोजच्या हातातलं आहे.

पहिली विनंती अशी, की 'बेदाण्याची जन्मभूमी' असं कुठंही लिहू नका. द्राक्ष वाळवून ठेवायची विद्या पश्चिम आशियात हजारो वर्षांपासून आहे. आपण ज्याला थॉम्पसन म्हणतो तो बिनबियांचा वाणही तिकडचाच. १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन यांनी तो लावला आणि त्यांचं नाव त्याला चिकटलं. वाळवण्याआधी घड तेल आणि क्षाराच्या पाण्यात बुडवायची युक्तीही आपली नाही. भूमध्य समुद्राकाठचे लोक लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरत. पुढं ऑस्ट्रेलियात त्याचं थंड पाण्यातलं शास्त्रशुद्ध द्रावण तयार झालं आणि तीच पद्धत आज आपल्या प्रत्येक शेडवर आहे. बाहेरगावचा एखादा जाणकार कमानीखाली उभा राहिला आणि त्यानं हे बोलून दाखवलं, तर खऱ्या कामावरही त्याचा विश्वास बसणार नाही.

खरं काम मोठं आहे. थॉम्पसनच्या वेलींतून वेगळी दिसणारी वेल हेरून, तिच्या काड्या लावून, तिचा गुण टिकतो का हे पुढच्या हंगामांत पारखून तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' हा वाण दिला. गाव आणि गावचं दैवत दोन्ही नावातच आहेत. हा वाण महाराष्ट्रभर गेला. प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं याच भागातल्या बागायतदारांना मोजून-मापून शेती करायची, एकाच्या बागेतलं निरीक्षण दुसऱ्याला सांगायची सवय लावली. आणि दुसरी गोष्ट म्हणजे सावलीतलं वाळवण. फेब्रुवारी ते एप्रिलमधली या पूर्वेकडच्या पट्ट्याची कोरडी हवा ओळखून तार-जाळीचे मजले बांधायचे आणि ऊन लागू न देता हिरवा दाणा तयार करायचा, हे कसब तासगावपासून कवठेमहांकाळ, नागज, जुनोनीपर्यंतच्या शेडवाल्यांनी इतक्या बारकाईनं बसवलं, की २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. कमानीवर वाण आणि वाळवण या दोनच गोष्टी लिहा. दोन्हींत आपल्या माणसांची मेहनत आहे.

पण नुसतं लिहून कुणाला काय कळणार? म्हणून दुसरी आणि मुख्य विनंती: कमानीच्या खर्चातून आधी गावात एक नमुना शेड उभं करा. लहानच, पण चालतं. दोन रॅक, एक धुण्याची टाकी, एक शंभर लिटरचं डिपिंगचं, म्हणजे घड द्रावणात बुडवायचं, भांडं. पाचशे किलो द्राक्षं त्यात वाळली तरी पुष्कळ. त्यात काय दाखवायचं आणि कुठं चूक होते हे पुढं सविस्तर लिहितो, कारण शेड म्हणजे चार खांब आणि हिरवी जाळी अशी समजूत करून कुणी निविदा काढली तर पहिल्याच हंगामात काळा बेदाणा निघेल आणि गावाची शोभा होईल.

सुरुवात साखरेपासून. घड तोडण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या यंत्रावर, रस टाकून बघायचा. २२ ते २४ ब्रिक्स हवा, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम साखर. हा आकडा कुणाच्या हौसेचा नाही. तयार बेदाण्यात १५ टक्के ओलावा धरला तर उरलेले ८५ टक्के म्हणजे मुख्यतः द्राक्षातली साखर. २२ ब्रिक्सच्या शंभर किलो द्राक्षांतून साधारण २६ किलो बेदाणा उतरतो. बाजार पडतोय, हवा बिघडतेय म्हणून घाई करून १८ ब्रिक्सला घड उतरवले तर २१ किलोच. म्हणजे शंभर किलोमागं पाच किलो माल बागेतच सोडून दिला. शिवाय तो दाणा चपटा, सुरकुत्यांनी भरलेला आणि हलका निघतो. निर्यातीसाठी फुगवलेला मोठा मणी बेदाण्याला वापरला तरी अडचण येते. आत पाणी जास्त आणि त्या मानानं साल कमी, म्हणून तो सुकायला जास्त दिवस घेतो आणि तेवढे दिवस रंग बिघडायची टांगती तलवार राहते.

आता डिपिंग. नमुना शेडवर बघायला येणाऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त वेळ इथं उभं करावं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्याचे बारीक पापुद्रे एकमेकांवर चढलेले असतात आणि ते आतलं पाणी बाहेर सोडत नाहीत. तसेच घड वाळत टाकले तर महिना-सव्वा महिना लागतो आणि तोवर सालीखालचं विकर (एन्झाइम) हवेशी मिळून दाणा तपकिरी करून टाकतं. डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, त्या मेणात शिरून पापुद्र्यांची रचना सैल करतं आणि पाण्याला वाट मिळते. पोटॅशियम कार्बोनेटमुळं तेल पाण्यात मिसळून राहतं. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल हे प्रमाण. असं केलं की हवा चांगली असेल तर बारा ते अठरा दिवसांत माल तयार होतो.

प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. चुकतो तो क्रम आणि पाणी. आधी पावडर थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवायची. मग वेगळ्या बादलीत त्या पाण्यात तेलाची बारीक धार सोडत जोरात ढवळत राहायचं, दुधासारखं पांढरं होईपर्यंत. ते मिश्रण मग मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ओतायचं. भरलेल्या टाकीत वरून सरळ तेल ओतलं तर ते तरंगतं. वरच्या घडांना नुसतं तेल लागतं, खालच्या घडांना नुसता क्षार. त्या क्रेटमधला अर्धा माल वेळेत वाळतो आणि अर्धा ओला राहतो, आणि मग दोष हवेला दिला जातो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. अशा जड पाण्यात कार्बोनेट चुन्यासारखं तळाशी बसतं, द्रावण फुटतं, तेल वर येतं. म्हणून पाणी तपासलेलं आणि हलकं हवं. पट्टी बुडवून बघायची, द्रावणाचा सामू (पीएच) ११च्या आसपास पाहिजे. क्रेटवर क्रेट बुडवत गेलं की फुटलेल्या मण्यांचा रस आणि बागेतली धूळ उतरते, सामू घसरतो. मग थोडी पावडर, थोडं तेल वाढवायचं, आणि पाणी गढूळ झालं की मोह न धरता टाकून द्यायचं. ते पाणी ओढ्यात किंवा वेलीच्या बुडाशी सोडायचं नाही.

घड आधी साध्या पाण्यात धुऊन निथळायचे. क्रेट काठोकाठ भरायचं नाही, मधल्या घडांपर्यंत द्रावण पोचलं पाहिजे. बुडवायचा वेळ दोन ते चार मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर माल लवकर वाळेल असं वाटतं, पण साल तडकते, रस पाझरतो, दाणे एकमेकांना चिकटतात, मधमाश्या आणि माश्या धरतात, आणि तडकलेला प्रत्येक दाणा काळा पडतो. हे काम करणाऱ्या बायांच्या आणि गड्यांच्या हातात रबरी मोजे हवेत. ११ सामूचं पाणी दिवसभर लागलं की बोटांची कातडी निघते. नमुना शेडवर मोजे, स्वच्छ पाण्याचा नळ आणि साबण दिसला, तर बघून जाणारा शेडमालकही तो आपल्या शेडवर ठेवील.

मग जाळीवर पसरणी. एकच थर, घडावर घड नको, मोठा घड असेल तर फोडून. रॅकचे दहा-बारा मजले असले तरी मधलं अंतर हवा खेळेल इतकं ठेवायचं आणि रुंदी दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतकीच. शेडमध्ये नेमकं काय चाललेलं असतं, ते एका हिशेबात कळतं. दहा टन द्राक्षं टाकली तर त्यातून सुमारे ७,४०० लिटर पाणी हवेत जायचं असतं. पंधरा दिवस धरले तर रोज पाचशे लिटरच्या आसपास, आणि पहिल्या चार-पाच दिवसांत त्याहून बरंच जास्त. एवढी वाफ वाऱ्यानं उचलून नेली नाही तर ती घडांमध्येच घुटमळते. म्हणून शेड मोकळ्या माळावर लागतं, झाडांच्या आडोशाला किंवा घरांच्या मधे नाही. गावठाणातली पडीक जागा नमुना शेडला देऊ नका, एवढ्यासाठी हे लिहितो. छपरातून किंवा बाजूनं उन्हाची तिरीप येत असेल तर तेवढ्या पट्ट्यातला दाणा तांबूस होतो. सावलीत आणि लवकर वाळला तरच सालीतला हिरवा रंग टिकतो. हिरव्या बेदाण्याचं सगळं गुपित या दोन शब्दांत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच द्रावणाची निम्म्या ताकदीची फवारणी देतात, म्हणजे देठाजवळ, घडाच्या आतल्या बाजूला जिथं पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं तिथंही वाट मोकळी होते.

अवकाळी आली की पडदे सोडायचेच, पण पाऊस थांबल्यावर ते तसेच ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आत अडकलेल्या दमटपणानं एका रात्रीत बुरशी धरते. पावसाचा शेवटचा थेंब पडला की वाऱ्याच्या बाजूचा पडदा आधी उघडायचा, रॅक हलक्या हातानं झटकायचा. भिजलेल्या कडेच्या रांगांचा माल वेगळा काढायचा, तो चांगल्यात मिसळायचा नाही. पिवळा बेदाणा हवा असेल तर बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. तिनं रंग राहतो, पण गंधक अंदाजानं जाळलं तर उग्र वास धरतो आणि खोली घाईत उघडणाऱ्याच्या छातीत जातं. दम्याच्या काही रोग्यांना असा बेदाणा सोसत नाही. म्हणून धुरी दिली असेल तर बॉक्सवर तसं लिहिलं पाहिजे. किलोला दहा मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते लेबलवर सांगणं अन्न सुरक्षेच्या नियमानंही बंधनकारक आहे.

माल तयार झाला का, हे मुठीत दाबून बघतात. मूठ सोडल्यावर दाणे सुटे झाले तर झाला, गोळा राहिला तर अजून दोन दिवस. ओलावा १३ ते १५ टक्के हवा. १२च्या खाली गेला तर दाणा कडक होतो आणि देठ काढताना साल फाटते. १६च्या वर राहिला तर बॉक्समध्ये ढेप होते, पुढं बुरशी. त्यानंतर झाडणी, देठ काढणं, जाळीवर आकारानुसार प्रतवारी, धुणं, आणि शेवटी बायकांच्या नजरेतून निवड. यंत्र कितीही आलं तरी हिरव्यात लपलेला एक तांबूस दाणा उचलायला ती नजरच लागते. तिथं चांगला उजेड आणि बसायला पाठ टेकणारी जागा असावी.

बाजार समितीकडं आमचं मागणं मुठीवरच्या त्या अंदाजाबद्दल आहे. सौद्यात भाव रंगावर, आकारावर आणि मुठीवर ठरतो. ओलावा मापक यंत्रानं मोजला जात नाही तोवर नीट वाळवणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. हिशेब बघा. १४ टक्के ओलाव्याचा शंभर किलो बेदाणा आणि तोच माल चार दिवस आधी उतरवून १८ टक्क्यांवर ठेवला तर वजन भरतं जवळजवळ १०५ किलो. वरचे पाच किलो पाणी आहे. भाव सारखाच मिळाला तर ओला माल आणणाऱ्याला त्या पाण्याचे पैसे मिळतात आणि पुढं कोल्ड स्टोअरेजमध्ये माल बिघडला की नाव तासगावचं जातं. प्रत्येक लॉटचा ओलावा सौद्याआधी मोजून त्याची चिठ्ठी बॉक्सला लावा. ही एक गोष्ट झाली तर बाकी शिस्त आपोआप येईल.

आणि उधळण. बेदाण्याचे सौदे जिथं म्हणून होतात तिथं बॉक्स उघडून मूठमूठ माल काढून बघायचा आणि तो खाली टाकायचा, ही जुनी रीत आहे. १५ किलोच्या बॉक्समागं दोनशे ग्रॅम जरी सांडले, तर हजार बॉक्सला दोनशे किलो बेदाणा गेला. तो तयार करायला पावणेआठशे किलो द्राक्षं लागतात, त्यांच्यामागं छाटणीपासूनची मजुरी, औषधं, पाणी. खरेदीदारानं माल बघू नये असं कुणीच म्हणत नाही. लॉटमधून सर्वांसमोर नमुना काढावा, तो पांढऱ्या ताटात ठेवावा, बघून झाल्यावर तो वजनासह मालकाला परत जावा. ताटात दाणा जास्त चांगला पारखता येतो. सिमेंटच्या फरशीवर पडलेल्या दाण्याचा रंग कळत नाही. जमिनीवर पडलेलं खाण्याच्या वस्तूत परत जाऊ नये, हा मुद्दा तर वेगळाच.

मानांकनाबद्दल थोडक्यात. गावात नुसता फलक लावून त्याचा शेतकऱ्याला उपयोग होत नाही. कायद्यानुसार प्रत्येक उत्पादकाला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवावं लागतं, तेव्हाच तो ते चिन्ह आपल्या बॉक्सवर छापू शकतो. अर्ज कसा भरायचा, कागद कोणते लागतात, हे सांगणारा एक माणूस हंगामात आठवड्यातून एक दिवस समितीच्या आवारात बसवा. बॉक्सवर वाण, हंगामाचं वर्ष, शेडचं गाव, ओलावा आणि धुरी दिली की नाही, या पाच गोष्टी छापल्या जाऊ लागल्या, तर बाहेरचा माल आपल्या नावानं विकणाऱ्याला ते जड जाईल, कारण त्याला यातल्या निम्म्या गोष्टी सांगताच येणार नाहीत.

नमुना शेडवर शाळेच्या मुलांना एकदा आणून भागणार नाही. तोच वर्ग तीनदा यावा: डिपिंगच्या दिवशी, पाचव्या दिवशी आणि माल उतरवताना. पहिल्या दिवशी मुलांनी एका ठरलेल्या घडाचं वजन करून त्याला दोरा बांधावा आणि प्रत्येक वेळी तोच घड पुन्हा तोलावा. शेजारी एक घड न बुडवता, साधा धुऊन ठेवावा. पाचव्या दिवशी दोन्ही हातात घेतले की फरक कुणी शिकवावा लागणार नाही. सहावी-सातवीच्या पोरांना टक्केवारी शिकवायला याहून चांगलं साधन या तालुक्यात नाही.

आमच्याकडून काय मिळेल, तेही सांगतो. पाचशे किलो द्राक्षं, रॅकची तार, डिपिंगचं तेल आणि पावडर आम्ही देऊ, आणि तीन आठवडे आळीपाळीनं माणूस उभा करू. त्यातून साधारण १३० किलो बेदाणा निघेल. तो शहरातल्या अंगणवाड्यांना वाटावा, धुरी न देता केलेला. नगरपरिषदेकडून वाऱ्याच्या वाटेवरची उघडी जागा, हलक्या पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याचा खड्डा हवा. फळछाटण्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकतात आणि फेब्रुवारीत पहिले घड तयार होतात. त्यामुळं जागेचा ठराव आणि पाण्याची तपासणी डिसेंबरअखेरपर्यंत झाली पाहिजे. जागा बघायला दुपारी दोन-तीनच्या सुमारास या. तेव्हा वारा कुठून येतो ते कळतं. आम्ही सोबत येऊ.

आपले,
तासगाव तालुक्यातले बेदाणा उत्पादक आणि शेडवर काम करणाऱ्या बाया-माणसं